आबांचे उघडे कान

रागिणी हिंगोलीला बंदिस्त रेंजवर नेमबाजीच्या सरावाला निघाली की तिचे आजोबा, मसाजीआबा, हट्टानं सोबत यायचे. फौजेत वर्षानुवर्षं उघड्या कानांनी गोळीबार करून त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलंच होतं. उरलंसुरलं तरी टिकावं म्हणून रागिणी त्यांच्या कानांवर जाडजूड इअरमफ चढवायची. तिची पाठ वळली की आबा ते हळूच काढायचे.

आजही तेच. पहिली गोळी झाडून तिनं मागं पाहिलं, तर इअरमफ आबांच्या मांडीवर. तिचं डोकंच फिरलं. रायफल खाली ठेवून ती तरातरा त्यांच्यापाशी गेली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आबा, कितीदा सांगू? काहून काढून राहिले तुमी हे? चारी भिंतींवर आवाज आदळतो इथं. राहिलेलं बी जाईल ना! उद्यापासून घरीच बसा!"

एवढ्यातलं 'घरी' तेवढं आबांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

"घरी नको, पोरी," ते म्हणाले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण सगळी रेंज सराव थांबवून ऐकत होती. "घरी तुमी सारे नुसते तोंड हलवून राहता. इथं तू गोळी झाडली, की तेवढं ऐकू येतं मला."