मोडकी बरगडी

नवऱ्याने गाठ चौथ्यांदा मोजली. तेवढीच. तसूभरही मागे सरायला तयार नव्हती.

शेजारच्या पडद्यासमोर बायको बसली होती. दोघेही स्कॅन वाचणारे डॉक्टर. तो सीटी स्कॅनवर गाठीचा आकार मोजायचा, ती पेट स्कॅनवर गाठीची चमक पाहायची; इंजेक्शनने दिलेली खुणेची साखर जिवंत कॅन्सर आणि मेंदू भराभर खातात आणि चमकतात. फुप्फुसाच्या कॅन्सरवर औषध लागू पडतंय का, हे कुणाचं चित्र आधी सांगतं, यावरून दोघं दवाखान्यात भांडायची आणि उरलेलं घरी नेऊन भांडायची. निकालात पक्षपात नको म्हणून पेशंटची नावं झाकलेली असत.

पण आज पडद्यावर दिसणारी ही वेडीवाकडी जुळलेली बरगडी त्याने झोपेतही ओळखली असती. त्याला सायकल शिकवायला मागून धावताना पडले होते ते बाबा, तो नव्हे. आत्ता ते बाहेर बाकावर बसले होते.

हे औषध फुकट गेलं तर पुढचं फार कडक होतं, बाबांना ते झेपलं नसतं. हा स्कॅन बाबांचाच आहे, हे बायकोला सांगावंसं त्याला फार वाटलं. पण सासरे म्हटल्यावर ती हात राखून बोलली असती. आज त्याला तिचा नेहमीचा खडूस निकाल हवा होता.

"मोजून मोजून लहान होणारे का ती?" बायको म्हणाली. "माझ्याकडे तर विझत आलीये. औषध काम करतंय."

एरवी तो तुटून पडला असता. आज तो फक्त चाचपून पाहत होता. "रक्तात साखर वाढलेली असेल. म्हणून मंद दिसत असेल."

"साखर तपासूनच इंजेक्शन देतात. पुढे?"

"मशीन बिघडलं असेल."

"मग मेंदू एवढा लख्ख कसा दिसतोय? पुढे?"

त्याच्या सगळ्या शंका तिने खोडून काढल्या होत्या. त्याला इतका आनंद झाला की बोलताना आवाज फाटला. "हरलो मी."

असलं वाक्य लग्नापासून तिने ऐकलं नव्हतं. ताप आलाय की काय म्हणून तिने त्याच्या कपाळाला हात लावला. तोच हात धरून त्याने आपल्या पडद्यावरच्या बरगडीवर ठेवला. या बरगडीची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. ती खुर्चीत मागे टेकली आणि रडत रडत हसायला लागली.

बसून कंटाळलेले बाबा दार ढकलून डोकावले. "काय रे, मिटलं का भांडण? कोण जिंकलं?"

"तुमची सूनबाई," तो नाक पुसत म्हणाला.

बाबांनी त्याच्या ओल्या गालांकडे पाहिलं.

"काही बदलला नाहीस. बरगडी माझी मोडली, तेव्हाही भोकाड तूच पसरलं होतंस."