पक्की प्रत

चष्म्याची दांडी पुन्हा निखळली, तेव्हा लेखकाने ती सरळ पांढऱ्या दोऱ्याने बांधून टाकली.

"अहो, दुकान चार पावलांवर आहे," बायको म्हणाली. "एक स्क्रू बसवायचा, तर किती ती टाळाटाळ."

"वेळ कुठे आहे? मुद्रितं तपासायचीत."

वेळ होता. तोंड नव्हतं. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या मुलीच्या कादंबरीचं बाड त्याच्या खणात होतं, जुन्या वर्तमानपत्रांखाली दडवलेलं.

गेल्या वर्षी तो तिच्याकडे नंबर तपासायला गेला होता. "सर, हल्ली वाचन कमी झालंय का?" तिने सहज विचारलं, आणि ते त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्याचं वाचलं की आपला हात बिघडतो, असं तो भाषणांत ठासून सांगायचा. स्वतःचं छापून आलेलं पुस्तकही कधी उघडायचा नाही, त्यात म्हणे नुसत्या चुकाच दिसतात. घरात वाचायची ती बायको. वाचनालयाची पिशवी तिच्या खांद्यावरून उतरली म्हणून नाही. वाचनालयवाल्यांनी तुला आता दत्तकच घ्यावं, असं तो तिला चिडवायचा.

मुलीने संकोचत बाड पुढे केलं आणि त्याने भिडेखातर घेतलं. घरी येऊन चाळायला म्हणून उघडलं, ते संपेपर्यंत खाली ठेवता आलं नाही. छोटी, साधी वाक्यं. रडारड कुठेच नाही, तरी त्याला मधेमधे चष्मा काढून पुसावा लागत होता. दुसऱ्या दिवशी, गेली काही वर्षं अडून बसलेला त्याचा हात चालायला लागला.

चालायला लागला, पण तिच्या चालीने.

त्याने तिची गोष्ट उचलली नव्हती, की माणसं. पण वाक्य कुठे तोडायचं, कुठे गप्प बसायचं, हे सगळं तिचं होतं. नवी कादंबरी वाचून प्रकाशक तर हरखूनच गेला. "पहिल्या पुस्तकातला सूर परत सापडला हो तुम्हाला! मधल्या सगळ्या पुस्तकांत मी तोच शोधत होतो."

ते कौतुक त्याला कानाखाली बसल्यासारखं लागलं. लोक अजून त्याला त्या पहिल्या पुस्तकामुळेच ओळखत. तेव्हा तो हाताने लिहायचा आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापखान्यासाठी पक्की प्रत बायको करायची, मुद्रितंही तीच बघायची. पुढे कॉम्प्युटर आला आणि ती त्या कटकटीतून सुटली.

मुलीला तो सांगत राहिला, अजून वाचून व्हायचंय. तिचं बाड प्रकाशकाकडे पाठवलं, तर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी येणार आणि चाल कोणाची ते शेंबडं पोरही सांगणार. आपण एका पोरीची वाट अडवून बसलोय, हे त्याला कळत होतं. स्वतःची शिसारी येत होती. तरी खण काही उघडत नव्हता.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तीच.

"मीच बोलावलं," बायको आतून म्हणाली. "येताना स्क्रू घेऊन ये म्हटलं."

मुलीने दोरा कापला आणि मान खाली घालून दांडी बसवू लागली. बायकोने चहा आणून ठेवला.

"सर, माझं बाड परत द्याल?" मुलगी एकदम म्हणाली. "तुम्ही का बोलत नाही, ते कळलंय मला."

त्याने उचललेला कप खाली ठेवला. "काय कळलंय?"

"माझी चोरी तुम्ही पहिल्या पानावरच पकडली असणार. तुमचं पहिलं पुस्तक जवळ ठेवूनच लिहिलंय मी. रोज त्यातलं एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मग आपलं लिहायला घ्यायचं. गोष्ट माझी आहे, पण चाल तुमची. लाज वाटते मला."

क्षणभर त्याचा कानांवर विश्वास बसेना. म्हणजे त्याने त्याचंच परत घेतलं होतं! छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसूच यायला लागलं, आणि हसता हसता तो उदारही झाला.

"अगं, याला चोरी नाही म्हणत. दुसऱ्याचं वाचूनच सगळे शिकतात. उद्याच पाठवतो तुझं बाड प्रकाशकाकडे."

स्वतःचं मात्र त्याने सांगितलं नाही. आता गरजच काय होती?

"पहिलं वाक्य तर मला अजून तोंडपाठ आहे," तो खुर्चीत रेलला. "'सरितेच्या विस्तीर्ण पात्रावर सायंकाळ आपले केशरी पंख हलकेच पसरत असताना, मातेच्या प्रतीक्षेत व्याकुळ झालेला तो बालक...'"

मुलगी गोंधळली. "सर, ते असं नाहीये." तिने पिशवीतून कडा झिजलेलं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. "'दिवे लागले, तरी आई नदीवरून परतली नव्हती.'"

त्याने चष्मा चढवला. आता तो नाकावर घट्ट बसला होता, अक्षरं स्वच्छ दिसत होती. त्याने पान उलटलं. मग आणखी काही पानं. नदी त्याची होती, आई त्याची होती, मुलगाही त्याचाच. वाक्यं मात्र तो पहिल्यांदाच वाचत होता.

त्याने मान वर केली. बायको कप गोळा करत होती.

"तुमची वाक्यं फार लांब असायची," ती म्हणाली. "उतरवून काढताना हात दुखायचा."