फक्कीचा पंजा

चौथ्या फाऊलची शिट्टी वाजली तेव्हा शिडीचा हात अजून हवेतच होता.

"हातावर मारलंस," पंच म्हणाला.

"चेंडूवर मारलं, सर."

"मला शिकवू नकोस. आवाज ऐकला मी. चट्ट!"

शिडी हे तिचं मैदानावरचं नाव. वय सतरा, बास्केटबॉलच्या संघात सगळ्यात उंच. समोरचीने रिंगकडे फेकलेला चेंडू वरच्या वर थोपवायचा, हे तिचं काम. चेंडूला हात लागला तर चालतं, फेकणारीच्या हाताला लागला तर फाऊल, आणि पाच फाऊल झाले की बाहेर. नियम इतका सरळ आहे. पण हा पंच निवाडा कानाने करायचा. तळवा चेंडूवर सपाट बसला की खणखणीत आवाज होतो आणि मनगटावर बसलेला फटका बऱ्याचदा मुका असतो, एवढंही वीस वर्षं शिट्टी फुंकून त्याला कळलं नव्हतं. सकाळपासून शिडीच्या मनगटावर तीन फटके बसले होते. आवाज झाला नाही म्हणून तिन्ही माफ. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मावशीने टाइम-आउट मागितला. संघाची कोच शिडीची सख्खी मावशी होती, त्यामुळे बाकीच्या पोरीही तिला मावशीच म्हणत. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"साडेचार मिनिटं राहिलीत. आता हात वर करायचा नाही. त्या बाई काय म्हणाल्यात, आठव."

गुणलेखकाच्या टेबलाशी निवड समितीच्या बाई वही उघडून बसल्या होत्या. गेल्या तिन्ही सामन्यांत शिडी पाच फाऊल होऊन बाहेर गेली होती. आज शेवटपर्यंत मैदानावर राहिली तर राज्याच्या संघात घेते, नाही तर धसमुसळी म्हणून नाव खोडते, असं बाईंनी सामन्याआधीच बजावलं होतं.

"म्हणजे ती फेकणार आणि मी नुसती बघत राहू?"

"बघत राहा. दातओठ खा, पण बघत राहा."

शिडी बघत राहिली. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभी राहिली आणि तिच्या नाकासमोरून चेंडू दोनदा जाळीत गेला. मावशीने मान फिरवली. पंच मात्र पळता पळता शिडीजवळ थबकला.

"शाबास," तो म्हणाला. "आता कशी शिकलीस."

चार फाऊल तिने गिळले होते. ही शाबासकी गिळवेना.

पुढच्याच मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेला. सिमेंटवरच्या रंगवलेल्या रेषा केव्हाच पुसल्या होत्या, म्हणून मैदानाच्या कडेने पांढरी फक्की ओढली होती. शिडी वाकली आणि घामाने ओला झालेला उजवा तळवा तिने त्या फक्कीत घोळवला.

"अगं, हे काय करतेस?" मावशी ओरडली.

"पुरावा."

समोरच्या संघाची कर्णधार चेंडू घेऊन रिंगखाली घुसली, उडाली. शिडीही उडाली. तिन्ही सामन्यांचा राग पायांत होता. चट्ट! आणि चेंडू खाली पडायच्या आत शिट्टी.

"हातावर! पाचवा! बाहेर!"

चेंडू लोळत पंचाच्याच बुटाशी येऊन थांबला. त्याने उचलला. त्यावर तळव्यासकट पाचही बोटं पांढरीशुभ्र उमटली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शिडी नुसता पंजा दाखवून उभी राहिली. तेवढ्यात कर्णधारानेच आपला उघडा हात पुढे केला. मनगटापासून खांद्यापर्यंत एक पांढरा ठिपका नव्हता.

"सर, मला लागलंच नाही."

"तू गप्प बस!" तिचा कोच खेकसला.

पंच चेंडू पोटाशी आवळून उभा होता. त्याने त्या पोरीचा हात पाहिला, मग शिडीचा पंजा पाहिला. बघणाऱ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याची मान ताठ झाली.

"ठीक आहे. चेंडूवरच लागला. फाऊल मागे घेतो."

शिडीने श्वास सोडला. मावशीने टाळीसाठी हात उचलले.

"पण हाताला फक्की फासून खेळायला परवानगी नाही. त्याचा टेक्निकल फाऊल." त्याने शिट्टी पुन्हा तोंडात घातली, फुंकली, काढली. "म्हणजे पाचवाच. चल, बाहेर."

पडलो तरी नाक वर! मावशी तावातावाने टेबलाकडे गेली. तोवर बाईंनी वहीत एक आडवी रेघ मारली होती.

"तीन मिनिटं हात खाली ठेवायला काय झालं होतं हिला?" बाई म्हणाल्या.

"मग उंच पोरगी कशाला शोधत हिंडताय?" मावशी म्हणाली. "विजेचा खांब न्या. तो कधीच हात वर करत नाही."

बाईंनी वही मिटली. शिडी बाकावर जाऊन बसली. रडायला येत होतं आणि पांढऱ्या हाताने डोळे पुसता येत नव्हते.

उरलेला सामना पंच छाती काढून पळत राहिला. त्याच्या काळ्या शर्टावर, बरोबर पोटावर, चेंडूवरचा पंजा उतरला होता. पाचही नाही, पण तीन बोटं चांगली स्पष्ट दिसत होती. प्रत्येक शिट्टीला तो हात वर करायचा, शर्ट ताणला जायचा आणि बोटं आणखी लांब व्हायची. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मैदानावरच्या एकाही माणसाने त्याला ते सांगितलं नाही.