मूठभर मीठ

शेतातल्या पाण्याच्या मोटरीच्या पेटीला हात लावताच झटका बसून आप्पासाहेब गेले, त्याला पंधरा दिवस झाले होते. आज त्यांच्या लेकीनं, सोनमनं, पेटीशेजारचा अर्थिंगचा खड्डा उकरला. पेटीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी चार हात सळई आता वीतभरच उरली होती. बाकी सगळा तांबडा भुगा. मिठाच्या पाण्यात लोखंड किती झपाट्यानं गंजतं, हे ती बारामतीच्या कॉलेजात दरवर्षी शिकवायची.

तिची आई, दगडाबाई, काठावर उभी होती.

"वायरमननं सांगितल्यापासनं म्या कधी चुकवलं न्हाय. दर अवसेला खड्ड्यात मूठभर मीठ, वर कळशीभर पाणी. तुज्या बापाला झटका बसू नये म्हणून. सळई धड हाय न्हवं?"

सोनमनं खोऱ्यानं भुग्यावर माती लोटली.

"धड हाय, आई. दोष लायनीत होता."

दगडाबाईचा चेहरा जरा निवळला. तिनं पदराची गाठ सोडली. आत मीठ होतं.

"मग तुज्या भावाच्या मोटरीला बी टाकत जाईन. त्यो तर रोज पेटीला हात लावतोय."

सोनमनं लोटलेली माती पुन्हा उकरायला घेतली.