एक जण पाण्यात, एक जण काठावर

"प्रवाह कितपत असतो तिथे?" पाणबुड्याच्या बायकोने विचारले.

सहलींच्या एजंटबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरचे बेट मोठे केले. कॅरिबियन समुद्रातले हे तिसरे बेट. पहिल्यापाशी पाण्याखाली बघण्यासारखे पुष्कळ होते, पण काठावर नुसता खडक. दुसऱ्याचा किनारा देखणा, पण रात्रभर नाचगाणी.

"तुमची अट मोठी अवघड आहे, काकू. एक जण पाण्यात, एक जण काठावर, आणि सुख दोघांनाही हवं. लग्नात तरी मिळतं का कुणाला असं?"

बायको हसली. पाणबुड्याही हसला, पण ओठांपुरताच.

उभा जन्म त्याने बंदरात नि धरणांत बुड्या मारल्या होत्या. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, धरणाच्या गंजलेल्या दारांचे बोल्ट बदलायचे. पाणी असे काळे, की डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय; सारे काम बोटांनी चाचपून. आता एक खांदा वर जात नव्हता आणि गुडघे कुरकुरत होते. निवृत्तीच्या दिवशी कमरेचा शिशाचा पट्टा उतरवताना त्याने ठरवून टाकले होते, की यापुढे आंघोळीच्या बादलीपेक्षा खोल पाण्याशी आपला संबंध नाही.

हे बायकोला सांगायचे राहून गेले होते. सांगणे सोपेही नव्हते. लग्न नवे असताना तो कामावरून परतला की ती भीतभीत विचारायची, "आज काय दिसलं खाली?" काळोख सांगितला तर हिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, म्हणून त्याने एक पिवळा मासा सांगितला. दुसऱ्या दिवशी निळा. मग जांभळी पोवळी, पंख्यासारखी डुलणारी. पुढे पुढे तर ती ताट वाढून मासे ऐकायलाच बसू लागली. त्या काळ्या पाण्यात त्याने वर्षानुवर्षे रंग भरले. आता पाण्यात जायला नको म्हणायचे, तर ते सगळे मासे परत घ्यावे लागले असते.

आणि तिने तर या सहलीचा ध्यासच घेतला होता. सहा महिन्यांपासून सकाळचा व्यायामाचा वर्ग लावला होता. तिथून ओल्या केसांनी घरी यायची आणि जेवता जेवता पेंगायची. "या वयात जिवाला कशाला त्रास?" असे त्याने विचारले, तर म्हणे, "सहलीत दम टिकायला नको?" एकदा कानात कापूस घालून बसली होती, तेव्हा तिने सहज विचारावे तसे विचारले, "अहो, खाली गेल्यावर कानात दडे बसले तर काय करता?"

"नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. जोर करायचा नाही."

आपल्या कामात हिला अजूनही इतकी गोडी आहे, या विचाराने त्याला अपराध्यासारखे झाले होते.

"प्रवाह अगदी बेताचा," एजंटबाई म्हणाल्या. "पाणी काचेसारखं."

"तेच बरं. ओढ नको. शिकाऊ माणसालाही झेपेल असंच बघा."

"शिकाऊ?" पाणबुड्याला ते लागले. "अगं, जहाजाच्या पंख्याखाली कामं केलीत मी!"

"तुम्ही गप्प बसा हो. काय हवंय ते मला कळतं."

"बसा काका, बसा," एजंटबाई म्हणाल्या. "घरात कप्तान कोण ते दिसलं मला."

"आणि काठाचं काय?" बायकोने पुढे विचारले. "सावली आहे ना? कुणी गाणी लावायला, खेळायला ओढायला येणार नाही ना?"

"कुणी फिरकणार नाही, काकू. खुशाल लोळत पडायचं."

"बास. काठावरच्याला जरासुद्धा दगदग नको."

पाणबुड्या पडद्याकडे बघत राहिला. झाडाखाली पांढरी वाळू होती, तिच्यापर्यंत येता येता लाटेलाही कंटाळा आलेला दिसत होता. त्या वाळूवर अंग टाकावे आणि कुणी हाक मारू नये, एवढेच त्याला हवे होते.

"मी काय म्हणतो," त्याने घसा साफ केला, "आपण डोंगरात गेलो तर?"

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिले. "डोंगरात मासे असतात?"

एजंटबाई खळखळून हसल्या. पाणबुड्याने बायकोकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर अशी टवटवी त्याने फार दिवसांत पाहिली नव्हती, आणि ती आपल्या हाताने पुसणे त्याच्याने होणार नव्हते. जाऊ दे. दोन-चार बुड्या मारू, खांदा दुखेल तर दुखेल. निदान आपण सांगितलेले मासे खरोखर असतात की नाही, ते तरी कळेल.

"मग हेच पक्कं करते," एजंटबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "बुडीचं सामान तिथेच भाड्याने मिळतं, पण माप आधी कळवावं लागतं. पायात चढवायच्या रबरी पंखांसाठी, म्हणजे फिन्ससाठी, कितीचं लिहू?"

पाणबुड्याने एक लांब श्वास घेतला.

"नऊ," तो म्हणाला.

"पाच," बायको म्हणाली.

एजंटबाईंची बोटे थांबली. "नऊ की पाच?"

"पाच. आणि पोशाखही बायकी मापाचा सांगा." तिने पाणबुड्याच्या हातावर हात ठेवला. "ह्यांना काही नको. ह्यांचं सगळं बघून झालंय."