काउंटसाठी पांढरी गोळी

मतपेटी ॲबनर क्रेसनपाशी आली तशी सभागृहातली कुजबुज थांबली. त्याने सगळ्यांना दिसेल अशी होकाराची पांढरी गोळी उचलली आणि पेटीत टाकली.

मंडळी चक्रावली. फ्रान्सच्या काउंट द व्हालमोरला फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेत घ्यावं, ही सूचनाच मुळी क्रेसनची. आणि या काउंटने त्याच्या बहिणीचा कसा घात केला, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं? सतरा वर्षांनी एकदा जमिनीतून वर येणाऱ्या इथल्या किड्यांपायी टॅबिथाने सारं आयुष्य वेचलं होतं. बाईमाणसाचं कोण छापणार, म्हणून तिने आपली चित्रं आणि टिपणं मोठ्या विश्वासाने काउंटकडे धाडली. महाशयांनी ती खुशाल स्वतःच्या नावावर छापली. किडे सोडाच, अमेरिकेचा किनाराही त्यांनी कधी पाहिला नव्हता. टॅबिथाने हाय खाल्ली आणि त्यातच ती गेली.

क्रेसन तेव्हा न्याय मागायला याच सभेकडे आला होता. पुरावे समोर ठेवले, साक्षीदार उभे केले. सभेने हात झटकले. काउंट आमचा सभासद नाही, परक्या माणसावर आमचा काय अधिकार, म्हणाले. क्रेसन घरी गेला, पण मनातली आग काही विझली नाही.

काउंटने सभासद व्हायला होकार तर आधीच कळवून टाकला होता. इकडे इंग्लंडच्या राजाला नुकतंच हुसकावून लावणाऱ्या मंडळींचा सरदार-उमरावांचा सोस सुटला नव्हता. पेटी उघडली. नकाराची काळी गोळी एकही निघाली नाही. सभापतींनी निवड जाहीर केली आणि टाळ्या पडल्या.

शेजारचा म्हातारा रश्टन मात्र हात बांधून बसला होता. सगळ्यांच्या भिडेखातर त्यानेही पांढरीच गोळी टाकली होती, ती त्याला आता सलत होती.

"लाज नाही वाटली, ॲबनर? बहिणीच्या मारेकऱ्याला मखरात बसवलंस."

क्रेसनने हात वर केला. तो उठून उभा राहिला.

"सभापतिसाहेब, काउंट आता आपले रीतसर सभासद झाले ना?"

सभापतींनी हसून मान डोलावली.

"मग माझी दुसरी सूचना घ्या. टॅबिथा क्रेसनचं काम चोरल्याबद्दल त्यांना सभेतून हाकलून द्यावं, आणि का हाकललं ते नियमाप्रमाणे युरोपातल्या झाडून साऱ्या विद्वत्सभांना कळवावं."