चांद्याच्या कानातला बिल्ला

“बिल्ला नाही तर बैलही नाही, वहिनी. कंपनीचा कायदाच तसा,” ओट्यावर टेकत उमेश म्हणाला. उन्हाळ्यात चांद्याचा विमा उतरवून त्याच्या कानात पिवळा बिल्ला त्यानंच मारला होता.

“येल ना बिल्ला. प्रमिलाचा बा गेलाय आणायला,” चिमीनं चहा पुढं केला.

काल दाभोशाच्या नदीला अचानक लोंढा आला आणि काठाला चरणारा चांद्या गेला. सकाळी शेजारचा जिव्या सांगत आला, खालच्या वळणावर करंजाच्या मुळ्यांत अडकलाय, शिंगं तेवढी दिसतात. चिमीनं ऊर बडवून घेतला. भातरोपांचं आवण लावणीला आलेलं, आणि एका बैलानं चिखलणी होते होय? विमा मिळाला तर दुसरा बैल, नाहीतर यंदा शेत पडीक.

पण तिचा नवरा पांड्या उठेचना.

“ह्या हातानं पेज पाजलीय त्याला. त्याचा कान कापू?”

चिमी कडाडली, “मेल्याला काय दुखतंय? जित्यांचं बघ जरा!”

तिनंच त्याच्या हातात कोयता दिला, धूड ओढायला दोरी दिली. पांड्यानं सवयीनं दोरी मनगटातल्या तांब्याच्या कड्यात ओवून गाठ मारली आणि वर दोन वेढे घेतले. ही त्याची जुनी खोड.

“किती येळा सांगू, वेढे घेऊ नको! बैल बुजला तर फरफटत नेल.”

“मेला बैल कसा बुजंल गं?” पांड्या केविलवाणं हसला आणि उतरणीला लागला.

“दादाला म्हटलं होतं, तुमचाही विमा काढा,” उमेश चहा फुंकत म्हणाला.

“तर काय म्हणाला! माझ्या पण कानाला बिल्ला मारतोस काय?” चिमीला त्याही दुःखात हसू आलं.

तेवढ्यात गोठ्यामागं घंटा वाजली. ओळखीची.

चांद्या! चिखलानं माखलेला, मागचा पाय ओढत, डोळे अजून बुजलेले, पण आपल्या पायांनी आलेला. कानात पिवळा बिल्ला जसाच्या तसा.

“अगं माय गं! माझा चांद्या!” चिमी त्याच्या गळ्यातच पडली. रडता रडता हसायला लागली.

“सुटलात, वहिनी! आता कसला विमा नि कसलं काय,” उमेशही हरखला.

चिमीनं उतरणीकडं तोंड करून हाक मारली, “ए प्रमिलाच्या बा! ये लवकर! कान कापायचा नाय आता!”

ओ आली नाही.

“दमला असंल. येल मागनं,” ती म्हणाली आणि चांद्याच्या गळ्यातून लोंबणारी ओली दोरी गोळा करू लागली.

दोरीच्या टोकाला तांब्याचं कडं होतं.